बोलायची नोकरी

“तो बघ क्रेनदादा. मान बघ केवढी लांब! दिवसभर उचल आणि ठेव, उचल आणि ठेव. घरी गेल्यावर ती मान कोण चोळून देत असेल ग? बायको? बायको म्हणत असेल, अहो, आधी हातपाय धुवा, मग आडवे व्हा. तोंड उघड. आ. हा घास क्रेनच्या बायकोच्या नावाचा. शाबास! आता तो पिवळ्या टोपीवाला बघ, वर चढतोय. टोपी कशाला घातलीय त्याने? डोक्यात वीट पडली तर विटेला लागू नये म्हणून.”

पिल्लू खदाखदा हसली, आणि ते तोंड उघडं आहे तोवर मावशीने आणखी एक घास आत सरकवला.

याला कुणी बडबड म्हणेल. मावशीला त्याचा पगार मिळत होता.

पिल्लू वर्षाची असताना डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं की मुलांच्या कानांवर शब्द पडले पाहिजेत, आणि सतत पडले पाहिजेत. शाळेत जाण्याआधी जे पडेल ते मुरतं. नंतर शाळावाले ओरडून ओरडून थकतात. पिल्लूची आई घाबरली. तिचे स्वतःचे सगळे शब्द सकाळपासून कचेरीने विकत घेतलेले असत. कानाला यंत्र लावून ती दिवसभर लांबलांबच्या गिऱ्हाइकांची समजूत काढी आणि संध्याकाळी घरी आली की पाणीसुद्धा खुणेने मागे. पिल्लूचे वडील मुळातच अबोल. लग्न जमवताना हा गुण धरला गेला होता. तेव्हा शब्द बाहेरूनच आणायचे असं ठरलं.

कामासाठी तीन बायका येऊन गेल्या. पहिली टापटीप होती. दुसरीच्या हाताला चव होती. तिसरी दारात चपला काढता काढताच लिफ्ट कशी मध्येच रुसली, लिफ्टवाला तिला कसा दटावत होता आणि जिन्यातलं मांजर हे सगळं कसं निर्विकारपणे बघत होतं, ते सांगत आत आली. पिल्लू आईच्या कडेवरून तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तिसरीला ठेवलं.

“मावशी, तुम्ही फक्त बोलत राहा,” मॅडम म्हणाल्या. “काय बोलता ते तितकंसं महत्त्वाचं नाही.”

आपण चुकीच्या घरात तर शिरलो नाही ना, असं मावशीला क्षणभर वाटलं. माहेरी तिला टकळी म्हणत. सासूने तर डोळे मिटेपर्यंत ‘हिच्या जिभेला हाड नाही’ हे एकच वाक्य निरनिराळ्या चालींवर म्हटलं होतं. ज्या दुर्गुणापायी जन्मभर बोलणी खाल्ली त्याचाच कुणी पगार देतंय म्हटल्यावर, सासू हयात नसल्याचं मावशीला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं.

मावशीला स्वतःची एक मुलगी होती. पिल्लूच्याच वयाची, थोडीशी मोठीच. तिला सगळे ठकी म्हणत, कारण लाकडी बाहुलीसारखी ती जिथे ठेवाल तिथे बसे. मावशी कामावर असताना ठकीला शेजारची आत्या सांभाळी. आत्या साऱ्या वस्तीची आत्या होती. प्रेमळ होती, हाताने स्वच्छ होती आणि ठार बहिरी होती. तिच्याकडे पाणी हवं असेल तर पेला दाखवायचा, भूक लागली तर पोटावर हात ठेवायचा, आणि बाकी काही लागलं तर तिची बाही ओढून तिला त्या वस्तूपर्यंत न्यायचं. सुरुवातीला ठकीने तोंडानेही सांगून बघितलं असणार. पण कुठल्या मेहनतीला फळ नाही हे लहान मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं.

“अशी गुणाची पोर बघितली नाही,” आत्या येईल-जाईल त्याला सांगे. “दिवसभर हूं नाही की चूं नाही.”

बहिऱ्या माणसाचं हे प्रशस्तिपत्र कुणी तपासून बघितलं नाही. मावशीनेही नाही. उलट, पोर त्रास देत नाही म्हणून ती निर्धास्त होती.

संध्याकाळी मावशी घरी यायची ती घसा खरवडून काढल्यासारखी. ठकी बाही ओढी. “थांब ग जरा,” मावशी म्हणे. पुन्हा ओढली की, “गप बस ना दोन मिनिटं.” ठकी गप बसे. तिला त्यात काही अवघड नव्हतं.

ठकीचा बाप दुकानादुकानांतून पाण्याचे जार पोचवायचं काम करी. तो हसून म्हणे, “तिकडे अख्खा नळ सोडून येतेस, आणि आमच्या वाट्याला नुसतं फुर्र फुर्र.”

“तिकडे मीटर लावलाय,” मावशी म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडे.

हे असं बरंच चाललं असतं. पण एका रविवारी दुपारी मॅडमकडे पाहुणे आले आणि मावशीला मदतीला बोलावलं गेलं. पाहुण्यांतले एक गृहस्थ सोफ्यावर जरा जास्तच पसरले होते. पिल्लू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवला.

“अहो काका, सरका की जरा. सोफा काय तुमच्या नावावर केलाय?”

घर हसून हसून गडबडा लोळलं. पिल्लूला प्रेक्षक कळत होते. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून बशीतला केक खाली पडला, तशी ती म्हणाली, “कशाचं काय अन् फाटक्यात पाय!” दुसऱ्या कुणी अजून थोडं घ्या म्हटलं तर म्हणाली, “नको बाई, जेवून जेवून नाकी नऊ आले.”

“चार वर्षांची पोर! अहो, कुठून शिकते हे सगळं?” काकांनी डोळे पुसत विचारलं.

“आम्ही घरात शब्दांचं वातावरण ठेवतो,” मॅडम म्हणाल्या.

वातावरण त्या वेळी स्वयंपाकघरात बशा विसळत होतं.

मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली. या घरात ती आली तेव्हापासून तिने पिल्लूची खोली बघितली होती, खेळणी बघितली होती, एका भिंतीवर छतापर्यंत गेलेली चित्रांची पुस्तकं बघितली होती, आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. ते त्यांचं होतं. दुसऱ्याचं घर मोठं म्हणून झुरत बसलं तर लाद्या कधी पुसायच्या? पण ‘नाकी नऊ’ तिचं होतं. ‘फाटक्यात पाय’ तिच्या आईचं होतं. पिल्लूने कमरेवर ज्या झोकात हात ठेवला तो हातसुद्धा मावशीच्या आईचाच होता; फक्त गोरा आणि गुबगुबीत. आईच्या कानातले डूल दुसऱ्याच पोरीच्या कानात हलताना दिसावेत, आणि त्या पोरीला ते शोभूनही दिसावेत, तसं काहीतरी मावशीला झालं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यागेल्या तिने ठकीला समोर बसवलं आणि चमचा उंच धरला.

“हे काय आहे ग?”

ठकीने चमच्याकडे बघितलं. मग उठली, जाऊन आपली ताटली घेऊन आली आणि आईसमोर मांडून बसली.

“अहो,” मावशी नवऱ्याला म्हणाली, “हिला चमचा म्हणता येत नाही.”

“येईल की. आता जेवायला घाल तिला, समजली ती तेवढं.”

“ती तिकडे म्हणी मारते!”

“मारू दे. तिचं मोठं घर आहे, तिला मारायला जागा आहे.”

त्या दिवसापासून मावशी जळायला लागली. ती जळत होती एका चार वर्षांच्या मुलीवर, आणि याची तिला लाजही वाटत होती. पिल्लू झोपेतून उठून दोन्ही हात पसरून “मावशी, मला स्वप्न पडलं, तुला सांगू?” म्हणाली की मावशीला ठकीचं स्वप्न आठवे, म्हणजे ठकीला स्वप्न पडतं की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, हे आठवे.

गंमत म्हणजे त्या घरात जळणारी ती एकटी नव्हती. एकदा मॅडम लवकर घरी आल्या. मांडीवर पुस्तक घेऊन मोठ्या हौसेने कोल्ह्याची गोष्ट वाचायला बसल्या. दुसऱ्याच पानावर पिल्लूने पुस्तकावर हात ठेवला.

“तू नको ना. तुझा कोल्हा सगळं एकाच आवाजात बोलतो. मावशीला बोलव.”

मॅडमनी पुस्तक मिटलं. मावशीकडे न बघता म्हणाल्या, “मावशी, उद्यापासून तुम्ही जरा लवकर निघत जा.” दुसऱ्या दिवशी मावशी लवकर निघाली तेव्हा त्यांचा फोन आला, “जरा थांबला असता तर बरं झालं असतं.” दोन बायका एकमेकींवर जळत होत्या आणि आपल्याकडे हेवा करण्याजोगं काय आहे, हे दोघींपैकी एकीलाही समजत नव्हतं.

तरी मॅडम मनाने वाईट नव्हत्या. शाळाप्रवेशाचे दिवस आले तेव्हा एका सकाळी त्या म्हणाल्या, “मावशी, पिल्लूच्या शाळेत तुमच्या ठकीचंही नाव घालून आलेय.”

ती शाळा दरवर्षी काही जागा गरिबांच्या मुलांसाठी फुकट ठेवी, आणि ठेवल्याचा भलामोठा फलक फाटकावर लावी. जागांपेक्षा फलक मोठा होता. पण एकदा आत शिरलेलं मूल थेट शेवटच्या वर्गातूनच बाहेर पडे, हेही खरं होतं. नाहीतर मग वस्तीतली शाळा होती. तिथे एकच बाई एका खोलीत तीन इयत्ता सांभाळत आणि ठकीसारखी गप्प पोरं त्यांना फार आवडत, कारण मग दोनच इयत्ता उरत.

“परीक्षा घेतात का हो?” मावशीने विचारलं.

“छे, छे. परीक्षा नाही. नुसती ओळख करून घेतात मुलांची.”

परीक्षा नाही म्हटल्यावर मावशी आणखीच घाबरली. परीक्षेला निदान अभ्यास तरी असतो.

तिने ठरवलं, शब्द वाचवायचे. ओळखीच्या दिवसापर्यंत कामावरचा नळ बंद, घरचा चालू. दुसऱ्या दिवशी कामावर गेली ती गळ्याला फडकं गुंडाळून. घसा बसलाय, तिने खुणेनेच सांगितलं. पिल्लूचं तोंड एवढंसं झालं. जरा वेळ ती मावशीभोवती फिरली, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

“तू आराम कर हं. आज मी गोष्ट सांगते. एक होती म्हैस. तिला लांबचं दिसेना. मग तिने चष्मा लावला. तर काय झालं, तिला एकदम कळलं की आपण केवढ्या जाड आहोत...”

ही गोष्ट मावशीनेच रचली होती. पण पिल्लूने तिच्यात चष्म्याचा दुकानदार घातला, त्याचा खडूस भाऊ घातला आणि शेवटी म्हशीकडून चष्मा परत करवून घेतला. मावशी ऐकत राहिली. बोलणं थांबवून आपण त्या पोरीला बोलायला मोकळं रान दिलं, हे तिच्या ध्यानात आलं तोवर म्हैस पोहायला शिकली होती. एखाद्याचं नशीब जोरावर असलं की त्याच्या शेतात दगड टाकला तरी उगवतो.

आणि वाचवलेले शब्द घरी काही केल्या बाहेर येईनात. ठकीसमोर बसून मावशी म्हणे, “हं, बोल.” ठकी तिच्याकडे बघे. “अग बोल ना काहीतरी! आत्तापर्यंत गप्प बसलीस ना?” आवाज चढे. आवाज चढला की ठकी आणखी आत जाई. तिकडे कावळ्याशी, क्रेनशी, म्हशीशी सहज गप्पा मारणारी बाई इकडे पोटच्या पोरीशी बोलताना पोलिसासारखी बोले.

त्यातच आत्या लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली आणि ठकीला बरोबर घेऊन कामावर येण्यावाचून इलाज राहिला नाही. मावशीने वाटेतच बजावलं, “कशाला हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काही तुटलं तर भरून द्यायची आपली ऐपत नाही, कळलं? हात मागे.”

ठकीने हात मागे बांधले. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या स्टुलावर ती बसली आणि सकाळची दुपार झाली तरी तशीच बसून राहिली. बाहेरच्या खोलीत तिची आई पिल्लूला गोष्टी सांगत होती. घशाचं सोंग मॅडमनी औषध आणून दिल्यावर सोडून द्यावं लागलं होतं. गोष्टी ऐकता ऐकता पिल्लू गालिच्यावर रंगाचा डबा उपडा करत होती.

दुपारी मॅडम घरी डोकावल्या. गालिचा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग स्वयंपाकघरात आल्या आणि स्टुलावरची ठकी बघून थबकल्या.

“अग बाई! किती शहाणी आहे ही! सकाळपासून इथे बसलीय? एवढीशी जागची हलली नाही? मावशी, हेवा वाटतो हो तुमचा. आमचं बघा, घराचा उकिरडा करून ठेवलाय. पिल्लू, शीक जरा ठकीकडून!”

मावशी उभ्या जागी फुलून आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच दोघींत डावं-उजवं झालं होतं, आणि उजवी तिची ठरली होती. तेही कुणाच्या तोंडून? शिकलेल्या, इंग्रजीत गिऱ्हाइकांची समजूत काढणाऱ्या बाईच्या. पिल्लूकडे शब्द असतील. आपल्या पोरीकडे वळण आहे. आणि शाळेत काय, शाळेत वळणच तर बघतात! शाळेतलं मावशीला जेवढं आठवत होतं त्यात गप्प बसणाऱ्याला कधी मार पडल्याचं आठवत नव्हतं.

जे जिंकतंय तेच वाढवावं, असा साधा हिशेब तिने केला. त्या दिवसापासून तिने बोलण्याचा नाद सोडला आणि वळणाचा अभ्यास घेतला. रोज संध्याकाळी ठकीला पाटावर बसवायचं. समोर मुद्दाम काहीतरी ठेवायचं, बापाच्या खिशातलं पेन, चकचकीत कागद, बिस्किट.

“हात?”

ठकी हात मागे घेई.

“पाठ?”

ठकी ताठ होई. बोटं जराशी जरी पुढे आली तरी मावशी नुसते डोळे मोठे करी. तेवढ्याने बोटं परत जात. थोड्याच दिवसांत ठकी अशी तयार झाली की समोर बिस्किट ठेवून बाप अंघोळ करून आला तरी बिस्किट आणि ठकी जिथल्या तिथे.

“लष्करात घालायचीय का हिला?” त्याने विचारलं.

“तुम्ही गप्प बसा. पहिली येते की नाही बघा.”

ओळखीच्या दिवशी सगळे नटूनथटून शाळेत गेले. खोली मोठी, उजेडाची. मध्ये बुटकं टेबल, त्यावर चित्रांची पुस्तकं, रंगखडू, लाकडी ठोकळे. टेबलामागे चष्मेवाल्या मोठ्या बाई आणि त्यांची मदतनीस. पालकांना मागच्या भिंतीशी बाकावर बसवलं होतं. “मध्ये कुणी बोलायचं नाही, सुचवायचं नाही,” मोठ्या बाईंनी हसून सांगितलं. मावशीला हे नियम चांगले वाटले. शिस्तीची शाळा दिसत होती.

आधी पिल्लूला बोलावलं. पिल्लू खुर्चीवर बसलीच नाही. टेबलावर अर्धी आडवी होऊन तिने पुस्तक ओढलं, ठोकळे खाली पाडले, एक रंगखडू हुंगून बघितला. मावशी मनातल्या मनात एकेक अपराध मोजत होती आणि तिचा जीव एकेक इंच वर येत होता.

“अग बाई, हा हत्ती बघा,” पिल्लू म्हणाली. “जेवला आणि लगेच आडवा झाला. याला पचणार कसं? तुमचा चष्मा लांबचा का जवळचा? आमच्या म्हशीचा लांबचा होता.”

“म्हशीचा चष्मा?” मोठ्या बाई पुढे झुकल्या.

मग म्हैस आली, दुकानदार आला, खडूस भाऊ आला. मदतनीस बाई लिहायचं सोडून ऐकत बसल्या. पाडलेले ठोकळे दोन्ही बायांनी हसत हसत उचलले. मावशी बघतच राहिली. हे कुठलं वळण? त्यांना राग कसा येत नव्हता?

मग ठकीचं नाव पुकारलं.

ठकी गेली. खुर्चीवर बसली. हात मागे, पाठ ताठ. मोठ्या बाईंनी हत्तीचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

“बघायचंय? उघड ना.”

ठकी हलली नाही.

“बरं, रंग आवडतात? कुठला रंग घेऊ या आपण?”

मागे बांधलेल्या हातांतलं एक बोट हळूच सुटं झालं. मावशीला पाठीमागून ते स्पष्ट दिसलं. तेवढ्यात दुसऱ्या हाताने त्याला पकडलं आणि परत आत घेतलं.

“हे कोण ग? भू भू करतं ते?”

ठकीने मान वळवून आईकडे बघितलं. बाकावर मावशी पुढे सरकली होती. सुचवायला बंदी होती. जन्मभर कुणी गप्प करू शकलं नाही त्या बाईचं तोंड आज बरोबर नको तेव्हा बंद होतं. घे, मावशीचा सगळा जीव म्हणत होता, घे ग बाई, ओढ ते पुस्तक, फाड, पाड सगळं खाली! ते सगळं तिच्या डोळ्यांत जमा झालं, आणि डोळे मोठे झाले.

ठकीने ते बघितलं. ती आणखी ताठ बसली आणि निकालापर्यंत हलली नाही.

“गोड आहे मुलगी,” मोठ्या बाईंनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं. “अगदी शांत. पण शाळेसाठी अजून तयार नाही हो. आणि या जागेसाठी बरीच मुलं रांगेत आहेत.”

“तयार म्हणजे?”

“म्हणजे बोलणं, विचारणं, कुतूहल... पुस्तक हातात घेऊन बघावं असंही तिला वाटलं नाही. तुम्ही घरी बोलता का तिच्याशी?”

“बोलते ना,” मावशी म्हणाली. “दिवसभर बोलते.”

“रागावणं नव्हे हं. गोष्टी सांगायच्या. प्रश्न विचारायचे.”

“म्हणजे म्हैस चष्मा का लावते, असं?”

“अगदी अस्संच!” मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. “आत्ता ती मुलगी होती ना, तिच्या आईशी बोला तुम्ही. त्यांच्या घरी कसं करतात ते विचारून घ्या.”

मॅडम दोन पावलांवरच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. “बाई, खरं म्हणजे आमच्याकडे...” त्यांनी सुरुवातही केली. पण तेवढ्यात पिल्लूने त्यांचा हात सोडला आणि मावशीचा धरला. “मावशी, चल ना, आता नवीन गोष्ट!” मॅडमचा चेहरा पुस्तक मिटताना झाला होता तसा झाला. पुढचं वाक्य राहून गेलं.

“चला, गाडीने जाऊ,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा बघू.”

“तुम्ही व्हा पुढे. मी आज कामावर येत नाही.”

“घसा?”

“घसा बरा आहे,” मावशी म्हणाली आणि पिल्लूच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. पिल्लू रडायला लागली. तिला रडूही मोठं छान, भरघोस, शब्दांसकट येत होतं.

मायलेकी पायी निघाल्या. फाटकावरचा फलक मागे पडला. मग ठकीने आईची बाही ओढली.

“मी हात नाही लावला,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण त्यात ऐट होती. “पाठ पण नाही वाकवली.”

“हो ग,” मावशी म्हणाली. “नाही वाकवलीस.”

मावशीने नाक पुसलं. घसा साफ केला. कामावर काढायची तसाच आवाज काढला, मोठा, गोल, प्रत्येक जनावराला वेगळा. “एक होती म्हैस. तिला ना, लांबचं दिसेना. मग काय झालं ठाऊक आहे? तिने...”

“चष्मा लावला,” ठकी म्हणाली.

मावशी जागच्या जागी थांबली. “तुला येते ही गोष्ट?”

ठकीने मान हलवली.

“सगळी? मग तिथे का नाही सांगितलीस ग? त्या बाईंनी एवढं विचारलं!”

ठकीने आईकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. “ती पिल्लूची आहे.”

शेजारून एक मोटार गेली. मावशीने तोंड उघडलं आणि तिला दुसरी गोष्ट आठवेना. कोल्हा पिल्लूचा होता. क्रेन पिल्लूची होती. क्रेनची बायकोसुद्धा तिकडचीच. इतक्या वर्षांची टकळी, पण आत हात घालून बघावं तर जे लागेल ते सगळं दुसऱ्याच्या नावावर चढलेलं.

पुढे रस्त्याच्या कडेला एक पंक्चरवाला बसला होता. त्याने सायकलच्या चाकातून ट्यूब ओढून काढली, तिच्यात हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात थोडीथोडी बुडवून बघायला लागला. ठकीची चाल मंदावली. मावशीही थांबली.

पंक्चरवाल्याने वर बघितलं. “काय पाहिजे ताई?”

“काही नाही. बघतोय.”

“बघा की. बघायला काय लागतं!”

ट्यूब पाण्यात फिरत होती. काही नाही, काही नाही, आणि मग एका जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर यायला लागली. ठकीने बोट उचललं.

मावशीला दिसलं होतं. तिच्या जिभेवर एक अख्खं वाक्य आलंही होतं, गमतीचं, पंक्चरवाल्याला आणि ट्यूबला एका फटक्यात हसवणारं. तिने ते गिळलं. ती ठकीशेजारी रस्त्यावरच उकिडवी बसली.

“काय ग? मला नाही दिसत,” ती म्हणाली. “काय आहे तिथे?”

ठकीने बोट आणखी पुढे नेलं.

“कुठे पण? सांग की.”

ठकीचे ओठ हलले. बंद झाले. मावशी वाट बघत राहिली. पंक्चरवाल्याला जागा केव्हाच सापडली होती. एव्हाना त्याने ट्यूब बाहेर काढून कोरडी करायला घ्यायला हवी होती. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि हात तसाच पाण्यात ठेवला.